देसाईगंजची ती रात्र

जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की नवीन माणूस विचारतो, "ही कशाला?" जुना माणूस सांगतो, "हात लावू नकोस. ती नव्हती तेव्हा काय झालं होतं ते मी पाहिलंय." कायद्याची पुस्तकंही तशीच असतात. बलात्काराच्या कायद्यातल्या अटींचा माग काढत गेलं की आपण विदर्भातल्या एका पोलीस ठाण्यात पोचतो.

देसाईगंज, तेव्हा जिल्हा चंद्रपूर. २६ मार्च १९७२. भावाच्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणलं होतं. वय १४ ते १६ च्या मधलं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला थांबवून घेतलं. दोन पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिची तक्रार.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. तिला शरीरसंबंधांची सवय आहे, म्हणजे संमती असणार, असा एकूण सूर. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली: भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही.

ठाण्यात, रात्री, पोलिसांसमोर तिने ओरडायचं कुणाला?

नेमका हाच प्रश्न सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारला. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली 'माझी संमती नव्हती', तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं. खटला बंद दाराआड. पीडितेचं नाव छापणं गुन्हा. (म्हणूनच ते इथेही नाही.)

पुढचे बदल फार सावकाश आले. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायची मुभा देणारं कलम जायला २००२ उजाडलं. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहायला २०१३ उजाडलं, तेही दिल्लीच्या घटनेनंतर.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, पण हक्क आहेत. ते पाठ असू द्या, कधी कुणाला सांगावे लागतील सांगता येत नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. एफआयआर नोंदवायला नकार देणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. सरकारी असो वा खासगी, हॉस्पिटलने उपचार फुकट द्यायचे. विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते. वर्षं उलटली तरी दार बंद होत नाही.

देसाईगंजच्या मुलीला यातलं काही मिळालं नाही. नवा कायदा तिच्या खटल्याला लागू होणार नव्हता, आणि १९७८ चा तो निकाल तसाच राहिला.