घड्याळ कोणाच्या खिशात?



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत पुष्कळ झाले. तेव्हा इतिहासावर बोलताना पंडिताचा आव मी आणणार नाही. परंतु कामगार संघटनेत ज्याची हयात गेली त्याला तीन गोष्टींचा हिशेब रोज करावा लागतो : काम, दाम आणि वेळ. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ बोलले जाते. आज मी तिसरीविषयी बोलणार आहे, आणि साखळी लावून ती खिशात बाळगणाऱ्या त्या गोल घड्याळाविषयी. हे घड्याळ कोणाकडे होते, कोणाकडे नव्हते आणि बापामागे ते कोणाकडे गेले, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे वेळ मोजण्याची कला घड्याळाबरोबर आली असे कोणी समजू नये. दिवसरात्रीच्या 60 घटका, एक घटका 24 मिनिटांची. आठ प्रहर, एक प्रहर साडेसात घटकांचा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नाचा मुहूर्त अशाच घटिकापात्रावर धरत. 'त्याची घटका भरली' हे आपण अजून म्हणतो, ते त्या वाटीवरूनच. या मोजणीत एक गुण होता. ती वाटी मांडवात सर्वांच्या देखत बुडत असे. वऱ्हाडी असो की वाजंत्री, डोळे असलेल्या कोणालाही ती पाहता येई. वेळ तेव्हा कोणाच्या खिशात मावत नव्हती.

ती खिशात शिरली युरोपात. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी पीटर हेनलाइन नावाचा कुलुपे करणारा कारागीर स्प्रिंगवर चालणारी लहान घड्याळे करीत असे. पण ही घड्याळे दिवसात बरीच मागेपुढे होत. 1675 साली हॉलंडच्या हायगेन्सने तोलचक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडली, आणि मग मिनिटाचा भरवसा धरता येऊ लागला. जुन्या चांगल्या घड्याळाचे चक्र तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे दिवसाला 4,32,000. त्याला रोज किल्ली द्यावी लागते. विसरलात तर दुसऱ्या दिवशी ते बंद. पूर्वी ही किल्ली खरोखरच वेगळी असे आणि साखळीला अडकवलेली असे. 1840 नंतरच्या काळात डोक्यावरचे बोंड फिरवून चावी देण्याची सोय निघाली.

आपल्या मुलखात ही वस्तू साहेबाबरोबर आली आणि साहेबाच्या पोशाखाबरोबर रुजली. बाराबंदीला बंद बारा, पण घड्याळाचा खिसा एकही नाही. कोट आला, आत जाकीट आले, जाकिटाला चोरखिसा आला, तेव्हा घड्याळाला घर मिळाले. साखळी मात्र पोटावरून मुद्दाम दिसेल अशी सोडायची. वेळ आत, ऐट बाहेर! मुंबईत फावर-ल्यूबा, वेस्ट एंड वॉच कंपनी यांसारख्या स्विस पेढ्यांनी एकोणिसाव्या शतकात व्यापार मांडला, आणि वकील, मामलेदार, हेडमास्तर, सावकार यांच्या छातीवर साखळ्या झळकू लागल्या. घड्याळ पाहून माणसाची पायरी ओळखता येऊ लागली.

कोल्हापुरात मिनिटाची खरी निकड आणली ती आगगाडीने. 1888 साली मिरज-कोल्हापूर मार्गाची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली आणि 1891 साली गाडी सुरू झाली. आता गंमत पाहा. रेल्वे त्या वेळी मद्रासच्या वेळेवर चाले. मद्रास आपल्या पूर्वेला असल्यामुळे तिथला सूर्य आपल्या आधी सुमारे 24 मिनिटे माथ्यावर येतो. म्हणजे पंचगंगेच्या घाटावर सावली पाहून निघालेला उतारू स्टेशनात पोचेतो गाडी निघून गेलेली असणार! पुढे 1 जानेवारी 1906 पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली. ती कोल्हापूरच्या सूर्यापेक्षा सरासरीने 33 मिनिटे पुढे आहे. आज आपल्या मनगटावर बारा वाजतात तेव्हा रंकाळ्यावरचा सूर्य साडेअकराच्या आसपास असतो. सूर्य आमचा राहिला, वेळ दुसरीकडून येऊ लागली.

आता ज्याच्या अंगावर ना जाकीट ना साखळी, त्याच्याकडे वळू. कारखाना प्रथम उभा राहिला इंग्लंडात. तिथल्या चौकशांत आणि कामगारांच्या आठवणींत एक तक्रार वारंवार आढळते : मालक गिरणीचे घड्याळ सकाळी पुढे सारीत आणि संध्याकाळी मागे. एखाद्या कामगाराने स्वतःचे घड्याळ आणले तर त्याच्यावर गदा येई. का येई? कारण ते घड्याळ साक्षीदार होते. मालकाच्या घड्याळाला खोटे पाडू शकणारा तेवढाच एक पुरावा त्या इमारतीत होता.

मुंबईत 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले. साडेपाच हजार कामगारांनी अर्ज केला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या त्यांच्या मागण्या आपणांस ठाऊक असतील. पण कामाच्या वेळेची मागणी नीट ऐका : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. आरंभ घड्याळाने, शेवट सूर्याने! मला ही मागणी फार शहाणपणाची वाटते. ज्याच्या खिशात घड्याळ नाही त्याने असा साक्षीदार निवडला की ज्याचा काटा कोणत्याही मालकाला फिरवता येत नाही. रविवारची सुटी 10 जून 1890 रोजी मालक संघाने मान्य केली. आपण जी रविवारी सकाळी अंगणात बसून पितो, त्या चहाचे ऋण या माणसाकडे आहे.

पण सूर्याची साक्ष फार दिवस टिकली नाही. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्यास्त ही मर्यादाच नाहीशी झाली. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास माग चालू लागले. त्यातच 1906 ची नवी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे. काही गिरण्यांतील कामगारांनी तिच्याविरुद्ध दंगा केला. लोक हसले असतील की, हे अडाणी, घड्याळावर चिडतात. वस्तुतः त्यांचा हिशेब चोख होता. तेच सहा वाजणार, पण 39 मिनिटे अधिक काळोखात उठावे लागणार. मुंबईच्या महापालिकेनेही आपली जुनी वेळ सोडली नाही. ती 1955 पर्यंत चालू राहिली.

त्याच 1906 साली आपल्या शहरात शाहू महाराजांनी गिरणी उभारली. पुढे कित्येक वर्षे तिच्या भोंग्यावर आसपासच्या पेठांतली चूल पेटे. भोंगा हे गरिबाचे घड्याळ खरे. पण ते वाजवण्याची दोरी त्याच्या हातात नसते. 2003 साली गिरणी बंद पडली.

कामगाराला स्वतःचे घड्याळ असावे असे मनात आणणारा एक माणूस मात्र होऊन गेला. त्याचे नाव जॉर्ज रॉस्कॉफ. जन्माने जर्मन, धंदा स्वित्झर्लंडात. 1867 साली त्याने कमी भागांचे, साध्या धातूच्या डबीचे, दणकट घड्याळ काढले. किंमत 20 फ्रँक, म्हणजे मजुराच्या साधारण आठवड्याच्या कमाईएवढी. नावच त्याने 'श्रमिकाचे घड्याळ' असे ठेवले. प्रतिष्ठित घड्याळजींनी नाके मुरडली. पण वाट मोकळी झाली. 1896 साली अमेरिकेत इंगरसोलचे घड्याळ एका डॉलरला मिळू लागले. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायाला खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर चढले. 1961 पासून बंगळूरची एच.एम.टी. आली. लग्नात जावयाला अंगठी, सायकल आणि घड्याळ हे जणू शास्त्रच ठरले. कामगाराच्या हाती घड्याळ आले ते पुष्कळदा सासऱ्याला कर्जात घालून, हेही विसरू नये.

खिशातले घड्याळ मग पेटीत गेले, आणि तिथून त्याचा वारशाचा इतिहास सुरू होतो. आपल्या जुन्या स्मृतिकारांनी वाटणीला न येणाऱ्या वस्तूंची यादी दिली आहे. वस्त्र, वाहन, अंगावरचा दागिना, शिजवलेले अन्न, विहिरीचे पाणी. पाणी पाळीपाळीने वापरावे असा निवाडा आहे. घड्याळ या यादीत शोभते. शेताचे बांध घालता येतात, भांडी मोजून घेता येतात. घड्याळाचे दोन भाग केले तर दोन्ही भाग निकामी. म्हणून रिवाज पडला की ते थोरल्या मुलाकडे जावे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगी, मुलगा, विधवा आणि आई यांना सारखा वारस ठरवले. पण कायदा पेटीपर्यंत पोचला तरी त्या चोरखिशापर्यंत क्वचितच पोचतो.

अशा एका घरच्या वाटणीत मी बसलो होतो. तिघे भाऊ, एक बहीण; बाप निवृत्त जॉबर. घर, भांडी, फंडाची रक्कम सगळे सुरळीत झाले आणि बापाच्या चांदीच्या घड्याळावर अडले. थोरला म्हणे, माझा मान. धाकटा म्हणे, विकून पैसे वाटा. तेव्हा म्हातारी आई म्हणाली, "बाबा अंथरुणाला खिळले त्याला दोन वर्षं झाली. तेवढ्या दिवसांत घड्याळाला किल्ली कोण देत होतं, ते सांगा." कोणी बोलेना. किल्ली देत होती ती लेक. घड्याळ तिला मिळाले. मला हा न्याय स्मृतींच्याही पुढचा वाटला. चालू वस्तूचा वारस तो, जो तिला चालू ठेवतो.

महात्मा गांधी कमरेला दोरीने घड्याळ लावीत. त्यांच्या पंचाला खिसा नव्हता, पण मिनिट चुकणे त्यांना खपत नसे. त्यांचे झेनिथ घड्याळ नातलग आभाबेन यांच्याकडे गेले आणि 2009 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, वहाणा आणि ताटवाटीसह 18 लाख डॉलरना विकले गेले. ज्याने घड्याळ मिनिटासाठी ठेवले, त्याचे घड्याळ शेवटी सोन्याच्या भावाने तोलले गेले.

श्रोते हो, आपल्यापैकी अनेकांना बापाचे घड्याळ मिळाले नसेल. पण एक वारसा सर्वांना मिळाला आहे. 1911 साली कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस कायद्याने 12 तासांचा झाला. 1922 साली 11, 1934 साली 10. 1946 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, आठवड्याचे 54 तास 48 वर आले. 1 मार्च 1949 ला आपले संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1 एप्रिल 1949 पासून देशात नवा कारखाना कायदा अमलात आला. मग कोल्हापूरच्या कामगाराचा दिवसही त्याच मापाने मोजला जाऊ लागला. ज्यांच्या खिशात घड्याळ नव्हते त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या झगडून मागे ठेवलेली ही मिळकत आहे.

ती वाटणीला येत नाही. ती सर्वांची मिळून एकच आहे. आज शिरोलीच्या कारखान्यात दारावर अंगठ्याचे यंत्र असते, मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोराची वेळ त्याच्या खिशातला फोन मोजतो, आणि तासांच्या मर्यादेची वाटाघाट नव्याने निघते. घड्याळ खिशात आले आहे. पण त्यातला काटा कोण फिरवतो हा 1884 चा प्रश्न तसाच उभा आहे. मिळालेल्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते. ते काम थोरल्या मुलाचे नाही, सर्वांचे आहे.