तळ कुठं पडला होता?

उदगीरच्या लढाईची तारीख आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असते. ३ फेब्रुवारी १७६०. सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. लोह्याकडची माणसं किल्ला पाहायला जातात, बुरुजावर उभी राहतात आणि विचारतात, "लढाई हितंच झाली का हो?"

हितं नाही. निर्णायक मार बसला तो औशाच्या बाजूला. उदगीरपासून औसा चांगलंच लांब आहे. नाव एका गावाला मिळालं, तुडवली गेली दुसऱ्याच गावांची शिवारं.

झालं होतं असं. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीरला होती. त्यांची आणखी फौज धारूरकडं होती आणि दोन्ही एक झाल्या की बळ वाढणार होतं. म्हणून ते उदगीर सोडून पश्चिमेला निघाले. मराठ्यांनी चहूबाजूंनी घेरून त्यांचा दाणावैरणीचा मार्ग तोडला. तोफा, बाजारबुणगे आणि जनावरं घेऊन ती फौज रेटत चालली होती. तेव्हा "तळ कुठं होता?" या प्रश्नाचं उत्तर एका गावात मावत नाही. कोणत्या रात्रीचा तळ, असं विचारायला पाहिजे.

जुन्या पत्रांत "मुक्काम नजीक अमुक" असं लिहिलेलं असतं. त्यातला 'नजीक' शब्द फार महत्त्वाचा. गावाचं नाव खुणेपुरतं असतं, तळ असतो गावाबाहेर कोस-दोन कोसांत पसरलेला. त्यात मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळं गावाचं नाव वाचताना घोटाळा होतो. कागदावर गाव सापडलं तरी तळ शोधायला वावरातच उतरावं लागतं.

वावरात काय बघायचं, हे आम्हाला माळेगावच्या जत्रेनं शिकवलं. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल घेऊन दूरदूरची माणसं येतात. कोणी नकाशा दिलेला नसतो, तरी ज्याचा त्याचा मुक्काम बरोबर पडतो. पाणी जवळ पाहिजे, पण जनावर चिखलात उभं राहता कामा नये. म्हणून मुक्काम थोडा चढावर, मुरमाड जागी पडतो. वैरणीची गाडी येईल एवढी वाट पाहिजे. वाऱ्याच्या तोंडावर चूल मांडता येत नाही. फौजेचा तळ म्हणजे हेच, फक्त शंभरपट आणि भीतीनं भरलेलं.

साधा हिशेब करा. एक घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितं. दहा हजार घोड्यांना अडीच-तीन लाख लिटर लागतं. त्यात बैल, हत्ती आणि माणसं धरलेली नाहीत. एवढं पाणी एका आडाचं काम नव्हे. उदगीरहून औशाकडं येताना मांजरा लागते, पुढं तावरजा, औशाच्या दक्षिणेला तेरणा. फेब्रुवारीत धार बारीक झालेली असते, डोह तेवढे टिकतात. म्हणून बारमाही डोह, त्याच्या जवळचा मुरमाड चढ आणि जुनी गाडीवाट, या तीन गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं आधी शोधावं. त्यातही एक फरक आहे. मराठ्यांची घोडी वाऱ्यासारखी हलायची, त्यांना पाण्यासाठी चार कोस जाता येत होतं. निजामाच्या तोफांना ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून निजामाचा तळ पाण्यापाशी शोधायचा आणि मराठ्यांचा त्या पाण्याच्या वाटांवर.

आता वैरणीचं बघा. तो माघाचा महिना होता. रब्बीची ज्वारी वावरात उभी, कणसं भरलेली. हजारो घोडी त्या शिवारात शिरली, तेव्हा त्यांनी काय खाल्लं असेल हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वैरण शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जाळायचीसुद्धा रीत होती. ज्वारी गेली की माणसाची भाकर गेली आणि बैलाचा कडबाही गेला.

तहात मराठ्यांना साठ लाखांचा मुलूख मिळाला. अशीरगड, दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर ही ठाणी मिळाली. भाऊंच्या बाजूनं इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी मोठं काम केलं होतं. त्या साठ लाखांच्या मुलखात ज्यांची उभी ज्वारी गेली त्यांची गावंही असतील, पण त्यांचं नुकसान कोणत्या तहात आलं नाही.

विजयाचा आनंदही थोडाच टिकला. १० जानेवारीला दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी दक्षिणेत आली. भाऊ परतूरला आले. हे परतूर आज जालना जिल्ह्यात आहे आणि जुन्या लेखनात त्याचं नाव 'पटदूर' असं येतं. तिथूनच १४ मार्च १७६० ला फौज उत्तरेला निघाली. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. म्हणजे पानिपतावर गेलेली पुष्कळ घोडी आधी मराठवाड्याची ज्वारी खाऊन गेलेली.

हे सगळं शोधायचं तर घाई केली पाहिजे. नदीकाठचे चढ आता प्लॉटिंगखाली चाललेत, जुन्या बारवा बुजताहेत, गाडीवाटांवर डांबर पडलंय. वावरांची जुनी नावं सातबाऱ्यावर सापडतीलच असं नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात. औसा, लातूर, उदगीरकडं कोणी राहत असाल, तर आजा-आजीला एवढंच विचारा, "आपल्या शिवारात उन्हाळ्यातही न आटणारा डोह कोणता, आन् त्याच्या वरच्या माळाला काय म्हणतात?" जे नाव सांगतील ते वहीत लिहून ठेवा.