कापसाच्या शेतातले विष आणि आपले भोपाळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला इतिहास शिकवीत. सनावळी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून ते विचारीत, "बरे, पण त्या वेळी शेतात कोण राबत होते?" आयुष्य वैद्यकीत घालवल्यावर, पन्नासाहून अधिक वर्षांनी, त्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळलो आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्रीविषयी या सभागृहात मी काय सांगावे? तुमच्यापैकी कित्येकांनी ती भोगली आहे. मात्र तो कारखाना मुळात कशासाठी होता, हे सांगायचे राहून जाते. युनियन कार्बाइडने १९६९ मध्ये तो येथे सुरू केला तो शेतीची औषधे बनवण्यासाठी. १९८० पासून येथेच मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे 'मिक', तयार होऊ लागले. त्यापासून 'सेविन' हे कीटकनाशक होई. त्याचे शास्त्रीय नाव कार्बारिल. कपाशीवरच्या अळ्या मारणे हे त्याचे एक मुख्य काम. त्या रात्री आपल्या वस्त्यांवरून गेले ते अर्ध्या वाटेवरचे विष होते. तयार होऊन ते शेतात जायचे होते.

त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. १९८३ च्या सप्टेंबरात विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नवखा डॉक्टर होतो. एका दुपारी बैलगाडीतून एका सालदाराला आणले. उलट्या, जुलाब, अंगभर घाम. पावसाळ्याचे दिवस, मी गॅस्ट्रो समजून सलाइन लावले. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजूर' असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. तासाभराने वयस्क परिचारिका येऊन म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्याच्या डोळ्यांतली बाहुली बघा एकदा." बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप थरथरत होते. तो तीन दिवस पऱ्हाटीवर औषध मारीत होता. पाठीवरचा पंप गळका होता आणि सदरा भिजून पाठीला चिकटला होता. तो सदरा अजून त्याच्या अंगावरच होता! विष कातडीतून आत जातच होते आणि मी सलाइनचे थेंब मोजत होतो.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपल्या नसांच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य संदेश पोहोचवते आणि काम झाले की एक विकर त्याचे विघटन करते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन्ही कुळांतली कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात. मग संदेश थांबतच नाहीत. ग्रंथी पाझरत राहतात, फुप्फुसे स्रावाने भरतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. यावर उतारा ॲट्रोपिनचा, तोही छाती कोरडी होईपर्यंत मात्रा वाढवत देण्याचा. पण त्याआधी कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुवायचे. ऑर्गॅनोफॉस्फेटवर प्रॅलिडॉक्झिमही देतात; कार्बारिलवर ते सहसा देत नाहीत. म्हणून कोणते औषध फवारले, हे कळणे जीवनमरणाचे ठरते.

रात्रभर ॲट्रोपिन दिले. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, भाकरी खाल्ली, बायकोशी बोलला. तिसऱ्या सकाळी त्याला उशीवरून मान उचलता येईना. अशक्तपणा असेल म्हणून मी टॉनिक लिहून दिले. संध्याकाळी त्याचा श्वास थांबला. कृत्रिम श्वासाचे यंत्र आमच्याकडे नव्हते, जिल्ह्याचे गाव दूर होते.

१९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करल्लिअड्डे या डॉक्टरांनी ही अवस्था प्रथम सविस्तर नोंदवली. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, रुग्ण सुधारल्यासारखा वाटत असतानाच, मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तो निबंध वाचताना मला ती उशी दिसत होती.

भोपाळच्या डॉक्टरांची कोंडी याहून भयंकर होती. हमीदिया रुग्णालयात त्या रात्री लोंढे येत होते, आणि वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे सांगणारे कोणी नव्हते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांचे रक्त चेरीसारखे लाल दिसले. त्यांना सायनाइडचा संशय आला आणि त्यांनी सोडियम थायोसल्फेटचा आग्रह धरला. वाद पेटला. १९८५ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चाचणीचा कौल थायोसल्फेटच्या बाजूने गेला, तरी ते सर्वांपर्यंत पोहोचले नाही. उलट, त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते टोचणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांनी छापा घातला. त्या वादातले सगळेच प्रश्न आजही मिटलेले नाहीत. मला मात्र उतारा देणाऱ्यांना झालेली अटक अक्षम्य वाटते.

कायदा नव्हता असे नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नातून शंभरावर माणसे दगावली आणि त्यानंतर, दहा वर्षांनी का होईना, १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पण डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग ज्याला वाचता येत नाही, त्याच्या पाठीवर पंप असतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात हेच पुन्हा घडले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येई. बोंडअळी हटत नव्हती म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात. शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली, सुमारे वीस दगावली. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांवर काही काळ बंदी घातली. डॉक्टरांपुढचा पेच मात्र जुनाच होता. मिश्रणात ऑर्गॅनोफॉस्फेट असले तर ॲट्रोपिन. पण डायफेंथियुरॉनसारख्या द्रव्यावर नेमका उताराच नाही. आणि रुग्णासोबत बाटली क्वचितच येई.

निवृत्त झालो तरी तालुक्याच्या तरुण डॉक्टरांकडे मी अधूनमधून जातो. पोळ्याच्या सुमारास घाम आणि उलट्या घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारा, म्हणतो, शेतात काय करत होतास? पाणी वाहून आणणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बाईलाही विचारा. तिच्या हाती पंप नसतो म्हणून तिचे नाव कुठल्याच नोंदीत येत नाही.

कार्बारिलवर आपल्या देशात २०१८ मध्ये बंदी आली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेला आणि तेथे जाळला. त्या सालदाराचा केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर अजून 'मजूर' एवढेच लिहिलेले आहे.