महारोग्याचे घर

१८९८ साली हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला. त्या वर्षीचा तिसरा कायदा, विषय महारोगी. आज आपण कुष्ठरोग म्हणतो. जुन्या कागदांत महारोग हा शब्द येतो, आणि खेड्यापाड्यांत रक्तपिती. जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुनाच शब्द ठेवणार आहे, कारण त्या शब्दातच त्या काळचे भय भरलेले आहे.

कायद्यात आधी व्याख्या असतात. या कायद्यातली एक व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. जो महारोगी उघड्यावर भीक मागतो, किंवा भटकतो आणि ज्याला पोट भरण्याचे दिसण्याजोगे साधन नाही, तो 'निर्धन महारोगी'. असा माणूस दिसला की पोलिसाने त्याला वॉरंटाशिवाय पकडावे, डॉक्टरने तपासावे, आणि रोग नक्की ठरला की मॅजिस्ट्रेटने त्याची रवानगी आश्रयगृहात करावी. याखेरीज कायदा जेथे लागू होई तेथे महारोग्याला खाद्यपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी भरण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास बंदी करता येत असे.

आता पाहा. ज्याला राहायला घर आहे, खायला अन्न आहे, त्या महारोग्याला पकडण्याची तरतूद या कायद्यात नाही. पकडायचे ते गरिबाला. जंतू काही गरीब-श्रीमंत पाहत नाहीत. कायदा मात्र पाहत होता. म्हणजे त्याचा खरा रोख रोगावर नव्हताच. रस्त्यावर दिसणारा महारोगी दिसेनासा व्हावा, एवढाच त्याचा हेतू होता.

बरे, हे अज्ञानापोटी झाले म्हणावे, तर तसेही नाही. नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन या डॉक्टरने १८७३ सालीच या रोगाचा जंतू पाहिला होता. १८८९ साली मोलोकाई बेटावर महारोग्यांची सेवा करता करता फादर डेमियन त्याच रोगाने वारले, आणि युरोपात एकच खळबळ उडाली. त्या खळबळीतून १८९०-९१ साली एक आयोग हिंदुस्थानात चौकशीला आला. हा रोग संसर्गाने पसरतो तो फारच थोड्या प्रमाणात. तेव्हा सरसकट सक्तीने माणसे वेगळी काढणे समर्थनीय नाही, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता. तरी सात वर्षांनी कायदा झाला तो पकडण्याचाच. तज्ज्ञांचा अहवाल एका बाजूला आणि लोकांचे भय दुसऱ्या बाजूला असले म्हणजे तराजू कोठे झुकतो, ते इतिहासात पुष्कळदा दिसते.

आश्रयगृहे वाईटच होती, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत माटुंगा-वडाळ्याकडे १८९० साली बेघर महारोग्यांसाठी आश्रयगृह सुरू झाले, ते म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने. हेच ते ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले. पुढे त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या ख्रिस्ती मिशननेही देशात जागोजागी अशी घरे चालविली. तेथे छप्पर होते, भाकरी होती, जखमेवर पट्टी होती. ज्याला सख्ख्या भावाने दार लावून घेतले, त्याला हे थोडे नव्हते. पण औषध नव्हते. चालमोगऱ्याच्या तेलाची सुई टोचीत. तिने वेदना फार आणि गुण थोडा. औषध नाही म्हणून बरे होणे नाही, आणि बरे होणे नाही म्हणून परत जाणे नाही. आत गेलेला माणूस बहुधा तेथेच मरे.

या कहाणीला वेगळे वळण मिळाले ते वर्ध्यात. विनोबांच्या सहवासातील मनोहर दिवाण या तरुणाने १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांची सेवा सुरू केली. ते डॉक्टर नव्हते, मिशनरी नव्हते. तोवर हे काम म्हणजे पाद्र्यांचे किंवा सरकारचे, अशी आपल्या समाजाची सोयीस्कर समजूत होती. ती येथे मोडली. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या १९४५ च्या सुधारित पुस्तिकेत महारोग्यांच्या सेवेला खादी आणि ग्रामोद्योग यांच्या पंक्तीला बसविले आणि तेथे दिवाणांच्या कामाचा नावानिशी उल्लेख केला. त्याआधीच संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री हा रोग अंगावर घेऊन सेवाग्रामला आले होते. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली, आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. शास्त्रीबुवा पुढे दत्तपूरला राहिले.

१९४६ साली अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले. १९४९ साली वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले, आणि १९५१ साली आनंदवन सुरू केले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. जमीन पन्नास एकर, तीही दगडधोंड्यांची. तेथे पहिले काम विहीर खणण्याचे. मदतीने माणूस लुळा होतो, कामाने उभा राहतो, हा बाबांचा सिद्धान्त. ज्या हातांना लोक शिवत नव्हते त्या हातांनी तेथे धान्य पिकविले, भिंती बांधल्या. पुढे १९६४ साली तेथे महाविद्यालय निघाले, आणि गावोगावची निरोगी मुले महारोग्यांच्या वसाहतीत शिकायला येऊ लागली. एके काळी गाव महारोग्याला बाहेर काढी. आता गावचीच मुले त्याच्या दारी आली.

याच सुमारास औषधही आले. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन जातीच्या औषधाचा गुण दिसला, आणि थोड्याच वर्षांत डॅप्सोनची स्वस्त गोळी हाती आली. गोळी लहान, पण तिने सगळा हिशेबच बदलला. तेल टोचायला इस्पितळ लागे. गोळी घरी घेता येते. मग रुग्णाला घरातून काढायचे कशाला?

हा प्रश्न ज्यांनी धसाला लावला त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. ते डॉ. वर्देकर. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले. महात्म्याचे स्मारक म्हटल्यावर मोठी इमारत बांधण्याचा मोह होणे साहजिक होते. वर्देकरांनी उलटी वाट धरली. इमारत नको, माणसे गावात पाठवा. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस तपासा. रोग काय आहे ते लोकांना समजावून सांगा. आणि औषध त्याच्या दारी द्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी ही तीन पायऱ्यांची पद्धत. सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत ती कसाला लागली, आणि १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तीच उचलली.

वाचकहो, या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणजे आपल्या विषयाचे मर्म कळते. आमट्यांची वाट ज्याला घर उरले नाही त्याला नवे घर देण्याची. वर्देकरांची वाट ज्याला घर आहे त्याचे घर सुटू न देण्याची. दोन्ही वाटा खऱ्या, आणि दोन्हींची गरज होती. पण एक कडवी गोष्ट बोलली पाहिजे. आनंदवनात रोग बरा झालेली कित्येक माणसे आयुष्यभर तेथेच राहिली. वैद्यकशास्त्राने त्यांना मोकळे केले होते, गावाने नव्हे. आनंदवन हा महाराष्ट्राचा गौरव आहे यात शंका नाही, पण आपल्या गावांवरचा तो ठपकाही आहे. वसाहतीची भरभराट पाहून आपण हार घालून परत येतो, आणि तिची गरज का पडली हे विचारीत नाही.

गोळीने जंतू मरतो. वाकडी बोटे सरळ होत नाहीत. हा रोग मज्जातंतूंना धरतो, त्या भागाची जाणीव जाते. मग चुलीवरचे भांडे हाताला पोळते पण कळत नाही, काटा पायात मोडतो पण दुखत नाही. जखम चिघळते आणि बोटे झडतात. लोकांना झडलेले बोट दिसते, मेलेला जंतू दिसत नाही. म्हणून भीती जात नाही. अशा माणसाला गोळीबरोबर पायाला जपणारी वहाण हवी, हाताला जमेल असा धंदा हवा, आणि पंगतीत पान हवे. यांतले एक दिले आणि बाकीचे राहिले, तर दिलेलेही वाया जाते. वर्देकरांनी सर्वेक्षण आणि उपचार यांच्या मध्ये शिक्षण घातले, ते याचसाठी.

पुढे जंतू डॅप्सोनला सरावले, तेव्हा १९८२ पासून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. सहा महिन्यांत किंवा वर्षात रोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ पर्यंत देशातील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. पण कायदा? १८९८ चा कायदा रद्द झाला २०१६ साली, म्हणजे खात्रीचे औषध आल्यावर चौतीस वर्षांनी. आणि जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले ते २०१९ साली. औषधाची गोळी सहा महिन्यांत काम करते; समाजाच्या मनाला पिढ्या लागतात.

हा इतिहास संपला असे समजण्याचेही कारण नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर सरकारी दवाखान्यात जावे; औषध फुकट मिळते. मात्र माणसे जात नाहीत. चट्टा दुखत नाही हे एक कारण. दुसरे कारण असे, की रोगापेक्षा शेजाऱ्याचे तोंड अधिक दुखते. लपविलेला चट्टा मग वर्षा-दोन वर्षांनी वाकड्या बोटांच्या रूपाने सगळ्यांना दिसतो.

म्हणून दुबळ्यांच्या सेवेचा विचार करताना किती इस्पितळे बांधली आणि किती गोळ्या वाटल्या, एवढाच हिशेब पुरत नाही. बरा झालेला माणूस संध्याकाळी कोठे जातो, तेही विचारावे लागते. तो आपल्या घरी गेला, सुनेने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि चहा पुढे केला, तर उपचार पुरा झाला असे समजावे. एरवी नव्हे.