गाडा आणि घाट

ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइप मोटारी संगणकाच्या पडद्यावर जुळवून पळविणाऱ्या आजच्या तरुणास, केवळ वेगाकरिता वाहन घडविण्याची विद्या भीमेच्या खोऱ्यातही दीर्घकाळ नांदत आली आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. भीमेच्या दक्षिणेस दौंड, उत्तरेस शिरूर. पैकी शिरूरकडील गावोगावच्या यात्रांत बैलगाडा शर्यतीस देवकार्याइतकाच मान. ओझ्याच्या गाडीचे सर्व जडत्व टाकून दिलेला हा हलका गाडा हाकण्यास वर कोणी बसत नाही. धुरेला एक जोडी, तिच्यापुढे जुकाटाची दुसरी, आणि सर्वांच्या अग्रभागी स्वारासह घोडी, अशी रचना घाटाच्या चढावर सुटते व निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. जोड्यांची चाल एकमेकींशी मिळविणे, हेच या विद्येचे मर्म. माझ्या मते कोणत्याही यंत्राच्या जुळणीहून ते बिकट आहे, कारण बैलास स्वतःचे मन असते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त मुभा मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून गाडा जुंपता येत नाही आणि बैलास इजा करण्यास मनाई आहे. गाडामालकांनी हा दंडक मनःपूर्वक पाळावा.