हाँगकाँगहून शेन्झेन: एका दिवसाची खरेदी कशी आखावी?

शनिवार-रविवार आला की हजारो हाँगकाँगवासी रिकामी बॅग घेऊन सीमा ओलांडतात आणि रात्री भरलेली बॅग घेऊन परततात. कारण सोपे आहे: पलीकडच्या शेन्झेनमध्ये जेवण, कपडे, चष्मे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बऱ्याच स्वस्त मिळतात. हाँगकाँगला गेलेल्या भारतीय पर्यटकालाही हा बेत जमू शकतो, मात्र तयारी आधी हवी.

व्हिसा लागतो का?
होय. हाँगकाँग चीनचा भाग असला तरी दोन्हींचे प्रवेशनियम वेगळे आहेत. हाँगकाँगसाठी भारतीयांना ऑनलाइन पूर्वनोंदणी पुरते. शेन्झेनसाठी चीनचा व्हिसा लागतो. येथेच अनेकांची गफलत होते. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर शेन्झेनहून हाँगकाँगला परतताच तो संपतो. पुढे बीजिंग किंवा शांघायला जायचे असल्यास दोन किंवा अधिक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा. हाँगकाँगचे कायम रहिवासी असलेल्या परदेशी नागरिकांना जुलै २०२४ पासून पाच वर्षे चालणारे विशेष कार्ड मिळते. त्यावर व्हिसाविना जाता येते.

कोणत्या मार्गाने जावे?
- लो वू: मेट्रोच्या ईस्ट रेल मार्गाचे शेवटचे स्थानक. सीमा सकाळी ६:३० ते मध्यरात्री १२ पर्यंत खुली.
- लोक मा चाऊ: याच मार्गाचा दुसरा फाटा. पलीकडे फुतियान. ही सीमा रात्री १०:३० वाजताच बंद होते.
- वेस्ट कौलून: अतिवेगवान रेल्वेने फुतियान सुमारे १५ मिनिटांवर. दोन्ही बाजूंची पासपोर्ट तपासणी याच स्थानकात होते.

मेट्रोत चढताना गाडी कोणत्या फाट्याला जाणार, ते फलकावर पाहावे. परतताना उशीर झालाच, तर हुआंगगांगची रस्त्यावरील सीमा २४ तास सुरू असते.

खरेदी कुठे?
लुओहू स्थानकाला लागूनच लुओहू कमर्शियल सिटी आहे. येथे घासाघीस केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कपड्यांसाठी आणि खाण्यासाठी दोंगमेन. चीनच्या मुख्य भूमीतले पहिले मॅकडोनल्ड्स १९९० मध्ये येथेच सुरू झाले. मोबाइलचे सुटे भाग आणि गॅजेटसाठी हुआचियांगबेई. मात्र ड्रोनचा मोह टाळावा, कारण भारताने २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे.

पैसे आणि मोबाइल
बहुतेक व्यवहार क्यूआर कोडने होतात. अलीपे किंवा वीचॅट पे आधीच डाउनलोड करून पासपोर्टची माहिती भरावी आणि आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवावे. २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डाला साधारण ३ टक्के शुल्क लागते. थोडी रोख सोबत असावी. चिनी नेटवर्कवर गूगल मॅप्स आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. हाँगकाँगच्या सिमवरील रोमिंगमध्ये ते सहसा चालतात.

परतताना काय आणू नये?
कच्चे मांस किंवा अंडी आरोग्य प्रमाणपत्राशिवाय हाँगकाँगमध्ये आणल्यास ५०,००० हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सिगारेट फक्त १९ पर्यंत करमुक्त आहेत. ई-सिगारेट आणण्यास मनाई आहे.

शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. सुट्टीच्या रात्री सीमेवर लांब रांगा लागतात, त्यामुळे सीमा बंद होण्याच्या किमान दीड-दोन तास आधी परतीला लागणे चांगले.