सिस्टरचा अधिकार कुठपर्यंत?

परवा शिरूरच्या बाजारात चहा पिताना एक जण म्हणाला, "उपकेंद्रात डॉक्टर नसतो, मग सिस्टर गोळ्या देते ती कोणाच्या अधिकारात?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर जुनं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे महाराष्ट्र झाला आणि वेगवेगळ्या भागांतले कायदे एकत्र करून १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. त्यात नोंदणी आणि शिक्षणाचे नियम होते. पण रात्री दोनला, डॉक्टर नसताना सिस्टरने काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. सरकारी कार्यक्रमातली औषधं उपकेंद्राच्या नर्सने दिली तर विक्रीचा परवाना लागत नाही, ही सूट औषध नियमांच्या 'शेड्यूल के' मध्ये मिळाली. पण इंजेक्शनचं काय?

इथे गडचिरोली आठवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं आणि जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळांना घरी जेंटामायसिन द्यायला लावलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेच इंजेक्शन द्यायची परवानगी एएनएमला केंद्राने दिली ती २०१४ साली. पंधरा वर्षं! त्याआधी २०१० च्या सूचनांमध्ये, गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवायची मुभा मिळाली होती.

२०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले. बीएएमएस किंवा नर्सिंग झालेले, वर सहा महिन्यांचा कोर्स. बीपी-शुगरचं औषध सुरू करायचं डॉक्टरने, दर महिन्याला द्यायचं यांनी, अडलं तर फोनवर विचारायचं, अशी ही पद्धत. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम ३२ ने अशा मधल्या फळीला मर्यादित परवान्याची वाट काढली. प्राथमिक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः लिहायची, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीत. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. खेड्यातल्यांना अर्धवट डॉक्टर का, हा त्यांचा सवाल. तो उडवून लावण्यासारखा नाही.

पण आपल्या तालुक्यात दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. त्यांच्यासाठी निवड डॉक्टर की सिस्टर अशी नसते. सिस्टर की कुणीच नाही, अशी असते.

म्हणून मला वाटतं, भांडण अधिकार द्यायचा की नाही यावर नको. तो स्पष्ट लिहिलाय का, यावर व्हावं. नियम धूसर राहिला की चांगली सिस्टर घाबरून हात आखडते, आणि काही बिघडलं की सगळं तिच्याच अंगावर येतं. देखरेख म्हणजे महिन्याच्या शेवटी रजिस्टरवरची सही नव्हे.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागा: सिस्टर स्वतः काय देऊ शकते, कशासाठी डॉक्टरला विचारावं लागतं आणि त्या डॉक्टरचा फोन नंबर, हे तिन्ही उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लावा.

तुमच्या गावच्या उपकेंद्रात असा बोर्ड आहे का? कमेंटमध्ये सांगा.